खंडाळ्याच्या बदल्यात महाबळेश्वर : तळ्याकाठच्या तंबूंचा इतिहास

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेवर नीरा ओलांडली की शिरवळ लागते आणि पुढे खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी खंडाळा. सिनेमातल्या गाण्यामुळे देशभर माहीत झालेला, लोणावळ्याजवळचा खंडाळा तो वेगळा. हे सातारा जिल्ह्यातले, पर्जन्यछायेतले, तालुक्याचे गाव. दर शनिवारी पहाटे तंबू, शेगडी आणि गिटार घेतलेल्या कितीतरी गाड्या या गावावरून तापोळा, बामणोली, कास, वेण्णा तलाव अशा ठिकाणी जातात. गाडीतल्या फारच थोड्या लोकांना माहीत असते की सातारच्या डोंगरांत हवा खायला जाण्याची जी रीत पडली, तिची पहिली किंमत याच खंडाळा गावाच्या रूपाने चुकती झाली होती.

आजचा धागा त्या अदलाबदलीविषयी, आणि तिच्यानंतरच्या दोन तळ्यांविषयी.

प्रथम तंबूविषयी थोडेसे. आपल्या भाषेत तंबूभोवती जमलेले शब्द पाहा: राहुटी, डेरा, कनात, तळ देणे, मुक्काम पडणे, डेरेदाखल होणे. हे सारे फौजेचे शब्द आहेत. इंग्रजी अमलात त्यांत भर पडली ती ‘साहेबाच्या कँप’ची. हिवाळ्यात कलेक्टर फिरतीवर निघे आणि गावाबाहेरच्या आमराईत त्याचे तंबू उभे राहत. गावकऱ्यांच्या लेखी तंबू म्हणजे एक तर स्वारी, नाही तर सरकार. मौजेसाठी कुणी तंबूत राहील ही कल्पनाच नव्हती.

याचा अर्थ आपल्याकडे मोकळ्या हवेतला आनंद नव्हता असा मात्र नाही. कार्तिकातले आवळीभोजन हे वनभोजनच. शेकोटीभोवतीचा हुरडा, देवाच्या डोंगरावरची यात्रा, हेही त्यातलेच. क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानला जातो. तेथे लोक शतकानुशतके जात होते. पण ते तीर्थाला जात. थंड हवेसाठी म्हणून कुणी त्या डोंगरावर घर बांधत नव्हते.

आता १८१८ सालात येऊ. पेशवाईचा शेवट जवळ आला आहे. जावळीच्या रानात, कोयनेच्या पश्चिमेला वासोटा किल्ला उभा आहे. सातारच्या छत्रपतींचा कुटुंबकबिला बाजीरावाने तेथे ठेवलेला आहे आणि त्याच किल्ल्यावर हंटर आणि मॉरिसन असे दोन तरुण इंग्रज अधिकारीही कैदेत आहेत. एप्रिलमध्ये जनरल प्रिट्झलरच्या फौजेने किल्ला घेतला तेव्हा ते सुटले. त्याहीपूर्वी, शिवकाळात, राजापूरच्या वखारीतून धरलेल्या इंग्रजांपैकी काहींना याच किल्ल्यावर ठेवले होते. म्हणजे इंग्रजांच्या आठवणीतले जावळीचे रान हा तुरुंग होता.

पुढच्या दहा वर्षांत त्याच डोंगररांगेचे ‘आरोग्यस्थान’ झाले. मला या इतिहासातली सर्वांत नवलाची गोष्ट हीच वाटते. डोंगर तोच, पाऊस तोच, वाघही तेच. बदलली होती ती फक्त मालकी.

१८२४ साली लॉडविक नावाचा सैनिकी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेला आणि तेथल्या हवेचे गुण त्याने आपल्या लोकांच्या कानावर घातले. सातारचा रेसिडेंट ब्रिग्ज याने स्वतःसाठी तेथे घर बांधले आणि प्रतापसिंह महाराजांना सांगून साताऱ्याहून वर गाडीरस्ता करवून घेतला. रस्ता राजाच्या खर्चाने झाला, हे ध्यानात ठेवावे. १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने आजारी सैनिकांसाठी तेथे प्रायोगिक रुग्णालय काढले. प्रयोग यशस्वी ठरला आणि मग प्रश्न आला जमिनीचा. डोंगर सातारच्या राज्यातला होता.

१८२९ च्या करारान्वये प्रतापसिंह महाराजांनी महाबळेश्वरचा तो प्रदेश कंपनी सरकारला दिला. त्याच्या बदल्यात त्यांना मिळाले वाई भागातले खंडाळा हे गाव.

एका गावाच्या बदल्यात महाबळेश्वर! आज हे ऐकताच ‘राजाला फसवले’ असे ओठावर येते. पण इतिहास वाचताना हा मोह आवरायला हवा. १८२९ च्या वसुलाच्या हिशेबात पाहिले तर दाट रान, थोडी नाचणी-वरीची शेती आणि चार महिने कोसळणारा पाऊस असलेल्या त्या पठाराचे उत्पन्न ते किती असणार? साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस हा पर्यटकाला देखावा वाटतो. खंडकऱ्याला आणि रयतेला तो संकट वाटे. उलट खंडाळा हे पुणे-सातारा रस्त्यावरचे, घाटाच्या तोंडाशी वसलेले गाव. कागदावर तरी सौदा अगदीच तोट्याचा नव्हता.

खरी मेख निराळी होती. राजा जमिनीचे मोल तिच्या वसुलावरून करत होता आणि माल्कम तिच्या हवेवरून. एकाच जमिनीची दोन मोले, आणि करार करणाऱ्या दोघांपैकी एकालाच दुसरे मोल दिसत होते. शिवाय ज्यांच्या पायाखालची ती जमीन होती, ते डोंगरावरचे कुणबी, कोळी, धनगर आणि धावड या करारात कुठे नाहीत. धावड लोक तेथले दगड आटवून लोखंड काढत. पुढे वनरक्षणाचे नियम आले, कोळशासाठी झाडे तोडणे बंद झाले आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. साहेबाच्या देखाव्यासाठी रान राखले गेले हे खरे; ते कुणाच्या चुलीवर राखले गेले हेही खरे.

वसाहतीला नाव मिळाले माल्कमपेठ. तिच्या घडणीत आणखी एका गटाचा हात आहे, त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. चिनी आणि मलायी कैद्यांसाठी येथे तुरुंग बांधला होता. त्यात सव्वाशेच्या आसपास कैद्यांची सोय होती. त्यांना बरीच मोकळीक असे. ते बटाटे आणि विलायती भाज्या पिकवत, वेताच्या टोपल्या विणत. १८६४ साली तुरुंग बंद झाला. महाबळेश्वरच्या मळ्यांची आणि वेतकामाची ख्याती आपण अजून मिरवतो. तिच्या मुळाशी हजारो मैलांवरून बेड्या घालून आणलेली माणसे आहेत.

प्रतापसिंहांचे पुढे काय झाले? ज्यांनी रस्ता दिला, डोंगर दिला, त्यांना १८३९ साली त्याच सरकारने पदच्युत करून बनारसला धाडले. १८४७ साली ते तेथेच वारले. त्यांच्या जागी बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले, आणि येथे आपले पहिले तळे येते.

१८४२ साली आप्पासाहेब महाराजांनी वेण्णेचे पाणी अडवून तलाव बांधला. आजचा वेण्णा तलाव तो हाच. हेतू होता पाणी साठवण्याचा. डोंगरावर पाऊस उदंड, पण उन्हाळ्यात पाण्याची चणचण. होड्या, घोडे, मक्याची कणसे, हे सारे नंतरचे. तलाव बांधून सहा वर्षे झाली आणि १८४८ साली आप्पासाहेब वारले. औरस वारस नाही असे म्हणून डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले. करारात मिळालेला खंडाळाही अर्थातच त्यासोबत गेला. अदलाबदलीत राजाच्या हाती जे आले होते ते अवघी एकोणीस वर्षे टिकले. जे दिले होते ते कायमचे गेले.

साताऱ्याजवळच्या कास तलावाची कथाही साधारण याच वळणाची. शहराला पाणी हवे होते म्हणून तो झाला, सहली मागाहून आल्या. २०१२ साली कासचे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि गर्दीला आवर घालण्यासाठी दिवसाची संख्या ठरवण्याची पाळी आली. फुलांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी येथे थांबत नाही.

दुसरे तळे मोठे आहे. इतके मोठे की त्याला तळे म्हणताना जीभ अडखळते.

१९५४ साली पाटण तालुक्यात हेळवाकजवळ कोयना धरणाचे काम सुरू झाले. साठच्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले. १०३ मीटर उंचीच्या भिंतीमागे, थेट तापोळ्याच्या वरपर्यंत, पन्नास किलोमीटरहून लांब जलाशय पसरला. त्याचे नाव शिवसागर. नद्यांचा नेहमीचा पूर्वेचा मार्ग सोडून या पाण्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात सोडला जातो आणि त्या उतारावर वीज तयार होते. आज प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राच्या कारखानदारीच्या इतिहासात कोयनेचे नाव आदराने घ्यावेच लागते. ते घेऊनच पुढचे लिहितो.

या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावे गेली किंवा बाधित झाली. नदीकाठची भाताची खाचरे, खळी, देवळे, पाणवठे सारे बुडाले. काही कुटुंबे डोंगराच्या अंगाने वर सरकली आणि तेथेच नव्याने घरे बांधून राहिली. बाकीची सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी पांगली. पावसाच्या खोऱ्यातला भात पिकवणारा शेतकरी सोलापूरच्या माळावर जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याने तेथे काय पेरले असेल?

कायद्याची बाजू तर याहून कठोर आहे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा आला १९७६ साली. धरण त्यापूर्वी बारा वर्षे उभे होते. म्हणजे कोयनेच्या लोकांनी जमीन सोडली तेव्हा त्यांना काय मिळावे हे ठरवणारा नियमच अस्तित्वात नव्हता. मोबदला, बदली जमीन, नोकरी, सारे सरकारच्या मर्जीवर. १८२९ च्या करारात निदान ‘हे घ्या, ते द्या’ असे लिहिलेले तरी होते. पुढे श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयनेचे धरणग्रस्त लढत राहिले. २०१८ साली कोयनानगरला त्यांनी दीर्घ ठिय्या दिला. धरण सुरू होऊन चौसष्ट वर्षे झाली होती. आंदोलनात बसलेल्या कित्येकांनी ते जुने गाव डोळ्यांनी पाहिलेही नव्हते.

मध्ये ११ डिसेंबर १९६७ ची पहाट येऊन गेली. सुमारे साडेसहा तीव्रतेचा भूकंप, पावणेदोनशेहून अधिक मृत्यू, कोयनानगर उद्ध्वस्त. जलाशयामुळे भूकंप होतो का, या प्रश्नाच्या जगभरातल्या अभ्यासात कोयना हे नाव तेव्हापासून येते. तो विषय स्वतंत्र धाग्याचा आहे.

१९८५ साली जलाशयाच्या काठचे रान कोयना अभयारण्य झाले. त्याच वर्षी दक्षिणेला, सांगलीच्या बाजूला वारणेच्या खोऱ्यात चांदोली अभयारण्य झाले. २००४ साली ते राष्ट्रीय उद्यान बनले. २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. वाघासाठी हे आवश्यकच होते, असे माझे मत आहे. पण पाण्यापासून वाचून डोंगरात वर सरकलेल्या माणसांना आता रानातून खाली किंवा दूर सरकण्याचा निरोप आला. वासोट्याच्या पायथ्याचे मेट इंदवली आता ओस आहे. बामणोलीहून होडीने पलीकडे उतरून, वनखात्याची परवानगी दाखवून किल्ला चढताना ओसाड गावठाणाच्या खुणा दिसतात. आपले ट्रेकर त्यांना ‘फोटोसाठी चांगले’ म्हणतात. मीही पहिल्या खेपेस म्हटले होते.

किल्ल्यावर आता मुक्काम करता येत नाही. म्हणून तंबू पडतात ते अलीकडच्या काठावर.

अशाच एका रात्री आम्ही सहा जण काठावर तंबूत होतो. सकाळी होडीवाल्या काकांशी बोलत बसलो, तेव्हा त्यांनी सहज हाताने पाण्यातली एक जागा दाखवली. तेथे त्यांच्या आजोबांचे खळे होते. मेच्या अखेरीस पाणी पुरते ओसरले की घरांच्या जोत्यांचे दगड वर येतात, असे म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. लगेच त्यांनी विचारले, पुढच्या महिन्यात किती जण येणार, म्हणजे जेवणाचे तसे सांगून ठेवता येईल.

हा प्रश्न मला त्या खळ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. तंबूवर चरफडून टीका करणे सोपे आहे. पण जमीन गेली, रानात जाण्यावर बंधने आली, मुंबईच्या गिरण्या आणि माथाडी बाजार आटले. अशा वेळी होडी, झुणका-भाकर आणि तंबूचे भाडे हेच काय ते गावात राहण्याचे कारण उरते. तेव्हा खरा प्रश्न तंबू असावा की नसावा हा नाही. काठ कुणाचा, हा आहे.

येथे एक शब्द माहीत करून घ्यावा: गाळपेर. पावसाळ्यानंतर धरणाचे पाणी जसजसे उतरते तसतशी काठाची ओली, गाळाची जमीन उघडी पडते. पुन्हा पाणी चढेपर्यंत तिच्यावर एखादे पीक निघते. ही जमीन सरकारची, पण कसण्यासाठी भाडेपट्ट्याने देताना धरणग्रस्तांना अग्रक्रम असावा असे राज्याचे धोरण आहे. आपण ‘पाण्याला अगदी लागून’ म्हणून ज्या सपाट पट्ट्यावर तंबू ठोकतो, तो बहुधा हाच पट्टा असतो. त्याचे मोल पुन्हा दोन प्रकारे होते: एक पिकाच्या हिशेबाने, दुसरे देखाव्याच्या. १८२९ सारखेच.

आणि होडीचेही दोन अर्थ आहेत. जानेवारी २०२२ मध्ये जावळी तालुक्यातल्या खिरखंडी या गावातल्या मुलींची बातमी वृत्तपत्रांत आली. शाळेला जाण्यासाठी त्या पाळीपाळीने स्वतः होडी वल्हवत जलाशय ओलांडत आणि पुढे जंगलातून चालत जात. मुंबई उच्च न्यायालयाने या बातमीची स्वतःहून दखल घेतली. दोनच वर्षांनी, २०२४ साली, याच जलाशयावर मुनावळे येथे सरकारचा जलपर्यटन प्रकल्प सुरू झाला. वेगवान बोटी, जीवरक्षक जाकिटे, पाण्यावरचे खेळ. पाणी एकच.

असेच चित्र दुसऱ्या, म्हणजे लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याच्या आसपास दिसते. पवनेच्या काठी आज तंबूंच्या रांगा लागतात. तेथल्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचे प्रश्न दशकानुदशके रेंगाळले. तिकडून दक्षिणेला मुळशी. तेथे टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. आज मुळशीला सहलीसाठी जाणाऱ्यांत त्यांचे नाव घेणारे किती सापडतील हे आपणच मोजून पाहावे.

आता पुन्हा साताऱ्याकडे. ‘नवीन महाबळेश्वर’ या नावाचा गिरिस्थान प्रकल्प राज्य सरकारने हाती घेतला आहे. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतील दोनशेहून अधिक गावे त्याच्या कक्षेत धरली आहेत. त्यांतली बरीचशी शिवसागराच्या दोन्ही अंगांची, म्हणजे एकदा पाण्यामुळे आणि पुन्हा अभयारण्यामुळे हललेल्या लोकांची. रस्ते होतील, रोजगार येईल असे सांगितले जाते, आणि ते खोटे असेल असे मला म्हणायचे नाही. मला फक्त कराराचा कागद वाचायचा आहे. जुन्या महाबळेश्वरच्या वेळी एका बाजूला डोंगर होता आणि दुसऱ्या बाजूला खंडाळा. या वेळी दुसऱ्या रकान्यात काय लिहिले आहे?

जाता जाता खंडाळ्याविषयी. या तालुक्याच्या उत्तरेला नीरेवर वीर धरण आहे. थंडीत तेथे पाहुणे पक्षी उतरतात. पक्षिनिरीक्षक दुर्बिणी घेऊन येतात, तंबूवाले अजून फारसे फिरकत नाहीत. पर्जन्यछायेतल्या या गावांना पश्चिमेच्या त्या डोंगरांतूनच पाणी यावे लागते. धोम-बलकवडीच्या कालव्याची वाट इथल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे पाहिली.

पुढच्या भागात ताई तेलिणीने वासोटा कसा लढवला ते पाहू. तोवर एक विनंती: आपल्या आजोळी, शेजारी, कुणी कोयनेतून उठून आलेले असतील तर त्यांच्या जुन्या गावाचे नाव, तेथल्या देवाचे नाव आणि नदीवरच्या पाणवठ्याचे नाव विचारून खाली लिहा. नकाशावर ही नावे पाण्याच्या निळ्या रंगाखाली आहेत. मी यादी करतो आहे. आतापर्यंत अठरा झाली.